आमच्याच गाई बघायला दोन सरकारांचे कागद: हर्गेसाच्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

तुमचं नाव आणि खातं मी मुद्दाम लिहीत नाही. माझी एड्डो, म्हणजे आत्या, अजून हर्गेसात राहते आणि कागदावर शिक्का मारून घ्यायला तिला तुमच्याच इमारतीत यावं लागतं. पत्र वाचलंत तर तुम्ही स्वतःला ओळखालच. गेल्या वर्षी त्या ऑनलाइन सभेत तुम्ही छातीवर हात ठेवून परदेशी राहणाऱ्या आम्हा सगळ्या कुर्बजोगांना बोलावलं होतंत. घरी या, मुलाबाळांना आपले डोंगर, आपली गुहाचित्रं दाखवा, एकच अर्ज, एकच खिडकी, कुठे अडवणूक होणार नाही, असा शब्द दिला होतात. कोंढव्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला फोन टेकवून माझ्या वडिलांनी ते भाषण दोनदा ऐकलं.

हे पत्र मराठीत आहे, कारण सोमालीत मला बोलता येतं, भांडताही येतं, पण मनातलं सगळं लिहिता येत नाही. आबो, म्हणजे माझे वडील, त्याचं सोमाली करून तुमच्याकडे पाठवतील. मराठीत ते सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण सोमालिया म्हटलं की इथे लोकांना फक्त चाचे आठवतात आणि मला त्याचा आता कंटाळा आलाय. त्यांच्यासाठी एवढंच सांगते: हर्गेसा ही सोमालीलँडची राजधानी. सोमालीलँडने १९९१ साली सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलं, पण मोगादिशूत बसणारं सोमालियाचं सरकार ते मानत नाही.

आबो १९८३ साली हर्गेसाहून पुण्याला बी.कॉम. करायला आले. पदवी घेऊन परत जायचं ठरलेलं होतं. पुढे एम.कॉम.ला थांबले आणि १९८८ उजाडलं. सोमालियाचा तेव्हाचा हुकूमशहा सियाद बारे, त्याच्या विमानांनी हर्गेसाच्याच धावपट्टीवरून उडून हर्गेसावरच बॉम्ब टाकले. लाखो माणसं चालत इथिओपियात गेली, त्यांत माझी आजीही होती. ती तिकडच्या छावणीत गेली, ही बातमी आबोंना सात महिन्यांनी पत्रातून कळली. परत जायला घर उरलं नाही, मग सासवडच्या माझ्या आईशी लग्न करून ते इथलेच झाले. भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, म्हणून तिकडचं सुटलं. पण पासपोर्टवर जन्मस्थानाच्या रकान्यात अजून हर्गेसाच आहे. ती ओळ ते कुणालाही उघडून दाखवतात.

आईची एक वही होती. दोनशे पानी, रेघांची, वरती रेशन दुकानाच्या हिशेबाची दोन पानं आणि मग थेट सोमाली गावांची नावं. लास गेल. बर्बेरा. शेखचा घाट. एरिगावोजवळचा दालोचा कडा, जिथे जुनिपरची जंगलं आहेत आणि धुपाची झाडं खडकाला चिकटून वाढतात (आपल्या सालईची ती सख्खी बहीण, हे आईनेच शोधून काढलं होतं आणि त्याचा तिला फार आनंद झाला होता). झैला, जिथे दोन मिहराबांच्या जुन्या मशिदीचे अवशेष आहेत. तलेहचे दरवेशी किल्ले. प्रत्येक नावापुढे अंतर, गाडीभाडं, कुठे मुक्काम. वीस वर्षं ती पैसे बाजूला टाकत राहिली, आणि दर वर्षी काहीतरी आडवं आलं. या मे महिन्यात ती गेली. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं निघालो, तेव्हा वही माझ्या पर्समध्ये होती.

मंत्रिमहोदय, आता तुमच्या एका खिडकीबद्दल.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने मोगादिशूच्या सरकारचा ई-व्हिसा मागितला. तो नियम १ सप्टेंबर २०२५ पासूनचा. तुमच्या सरकारने जाहीर केलं होतं की आम्ही तो मानत नाही. पण विमानात बसू द्यायचं की नाही हे काउंटरवर ठरतं, तुमच्या पत्रकार परिषदेत ठरत नाही. रात्री दीड वाजता मी फरशीवर बसून फोनवरून अर्ज भरला, माणशी ६४ डॉलर. आबो शेजारी बॅगेवर बसून होते, गुडघ्यावर हात ठेवून. आदिस अबाबाहून हर्गेसात उतरलो, तर तुमच्या अधिकाऱ्याने तो कागद दोन बोटांनी बाजूला सारला. इथे हा चालत नाही, म्हणाला. पुन्हा जवळजवळ तेवढेच पैसे. आबोंनी पासपोर्ट उघडून जन्मस्थानाची ओळ दाखवली. त्याने वाचली. तू कुणाचा, म्हणून विचारलं. ४२ वर्षांनी मायदेशी आलेल्या माझ्या बापाने खिडकीसमोर उभं राहून आपल्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घेत बारा पिढ्या म्हणून दाखवल्या. सोमाली पोराला ही आबतिर्सी पाठ असावीच लागते, मलाही आहे. अधिकारी हसला, उठून त्याने आबोंचा हात हातात घेतला, आणि मग परदेशी माणसाची पावती फाडली.

त्याच महिन्यात मोगादिशूच्या त्या ई-व्हिसा यंत्रणेतून किमान ३५ हजार अर्जदारांची माहिती फुटली असण्याची शक्यता अमेरिकी दूतावासाने जाहीर केली. तुमच्या बाजूच्या पुढाऱ्यांना त्याने बरंच बळ आलेलं मी तिथे टीव्हीवर पाहिलं. पण त्या ३५ हजारांत तुमच्याकडे येणारी किती माणसं होती, आणि विमानात चढायला त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणती ठेवली होतीत, हे एकालाही बोलावंसं वाटलं नाही.

तरीही हे मी गिळलं असतं. लास गेलचं मात्र गिळता येत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हर्गेसापासून पन्नासेक किलोमीटरवर, बर्बेराच्या रस्त्यावरून आत वळलं की ग्रॅनाइटचा एक उघडा डोंगर लागतो. त्याच्या कपारींत गाईंची चित्रं आहेत, पाच हजार वर्षांच्या आसपासची. लास म्हणजे पाण्याची जागा, गेल म्हणजे उंट. २००२ साली फ्रेंच संशोधकांनी त्यांचा शोध लावला असं सगळीकडे छापलेलं असतं. आबो लहानपणी काकाबरोबर शेळ्या घेऊन त्याच बाजूला जायचे. तिथे रात्री थांबू नका, जागा बरी नाही, असं त्यांची आजी बजावायची. म्हणजे तिला ठाऊक होतं. तिच्या आजीलाही असणार. पण आबोंनी स्वतः ती चित्रं कधी पाहिली नव्हती, भीतीने. वहीत पहिलं नाव म्हणून तर लास गेल होतं.

परवान्याचे माणशी २५ डॉलर, गाडीचे वेगळे, बरोबरच्या बंदूकधारी शिपायाचे वेगळे. शहराबाहेर जायचं तर परदेशी माणसाला शिपाई सक्तीचा, असं आम्हाला सांगितलं. पहिल्या दिवशी गेलो तर कार्यालय बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शनिवारी दोन तास बाकावर बसून कागद हातात आला, सही, गोल शिक्का, सगळं होतं. एड्डोने सकाळीच लहोह करून दिले होते, आपल्या आंबोळीसारखे, डब्यात भरून. रस्ता सुरेख. बर्बेरा बंदरातून इथिओपियाकडे माल न्यायला तो आता नवा बांधलाय, ट्रक सुसाट जातात. आतल्या फाट्यावर वळलो की खडबड सुरू. फाटकाशी राखणदाराने कागद घेतला, वाचला आणि म्हणाला, यात एकच नाव आहे.

खरंच एकच होतं. माझं. पैसे दोघांचे घेतले होते, पावती दोघांची होती, परवान्यावर आबोंचं नाव कारकुनाने लिहिलंच नव्हतं. फोन लावला, कुणी उचलला नाही. आमचा शिपाई गयावया करत होता. राखणदारही वाईट माणूस नव्हता. त्याची नोकरी त्या कागदावर होती. आबो म्हणाले, तू जा, नीट बघ आणि खाली येऊन मला सांग.

मी गेले. वीस मिनिटं वर होते. मोठ्या कपारीच्या छतावर गाई आहेत, तांबड्या, पांढऱ्या, मध्येच पिवळसर. शिंगं वर जाऊन आत वळलेली. मानेवर उभे पट्टे, जणू झूल घातलीय. पोळ्याला सासवडला मामा बैल सजवायचा, त्याची आठवण झाली आणि माझे डोळे भरून आले. गाईच्या पोटाखाली एक लहानसा माणूस दोन्ही हात पसरून उभा आहे. एका गाईच्या पाठीवरून पावसाच्या पाण्याचा पांढरा ओघळ उतरलाय, आणि त्या ओघळात तिचा अर्धा पाय गेलाय. जवळून बघितलं तर रंगाची खपली सुटलेली दिसते, नखाएवढी. मी श्वास रोखून मागे सरकले.

खाली आले तेव्हा आबो शिपायाबरोबर शाह, म्हणजे चहा, पीत बसले होते. मोगादिशूत रिक्षाला बजाज म्हणतात ना, ते बजाज माझ्या पुण्याचे, असं त्याला सांगत होते. मला बघून विचारलं, शिंगं कशी आहेत? फोनमधले फोटो त्यांनी चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून एकेक बघितले. त्या डोंगराच्या पायथ्याशी बसून.

मंत्रिमहोदय, जगातल्या बहुतेक देशांनी तुमच्या सोमालीलँडला मान्यता दिलेली नाही, ही तुमची वेदना मी समजू शकते. १८ मे १९९१ ला जे जाहीर झालं त्यासाठी आमच्याही घरातली माणसं गेली आहेत. पण मान्यता नाही म्हणून स्वतःच्या माणसाचं नाव लिहिता येत नाही, असं तर नाही ना? जागतिक वारशाच्या यादीत नाव सुचवायचं तर मान्यता असलेलं राज्य लागतं. ते राज्य मोगादिशूचं, त्याने २०२० साली जागतिक वारशाचा करार स्वीकारला, पण लास गेलवर त्याचा ताबा नाही. ताबा तुमचा, तर तुम्हाला त्या टेबलाशी खुर्ची नाही. दोघांच्या भांडणात ती गाय पावसाने पुसली जातेय. तुम्ही दोघं एकमेकांचे व्हिसे नाकारत बसलात.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले त्या यादीत गेले, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले. आबोंनीही वाटले, असे किल्ले त्यांनी माझ्याबरोबर कितीदा चढलेत. घरी येऊन म्हणाले, तलेहचं काय? तलेह म्हणजे सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन याच्या दरवेशांचे दगडी किल्ले. वीस वर्षं इंग्रजांना दाद न देणाऱ्या त्या माणसाच्या किल्ल्यांवर इंग्रजांनी १९२० साली विमानांतून बॉम्ब टाकले. तिकडे जायची वाट लास आनोदच्या बाजूची, आणि २०२३ च्या लढाईनंतर तिकडे तुमचा कागद चालत नाही. वहीतलं ते नाव मी हर्गेसात बसून खोडलं. झैला रस्त्यामुळे खोडलं. दालो पैसे संपले म्हणून. दक्षिणेचं तर आईने लिहिलंच नव्हतं, मोगादिशूच्या लिडो किनाऱ्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये संध्याकाळी फिरायला आलेली माणसं मारली गेली, तिथे कुणाला नेणार?

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत आहे की आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड या सोमाली बंदरांत जात असे. तेव्हा वाऱ्याच्या भरवशावर माणसं पोचत होती. पुढे इंग्रजांनी १८९८ पर्यंत हा मुलूख हिंदुस्थानच्या सरकारमार्फतच चालवला. म्हणजे माझे दोन्ही देश एकाच साहेबाच्या दप्तरात होते. साहेब गेला, दप्तर मात्र सगळ्यांनी जपून ठेवलं. दिल्लीत तेच, मोगादिशूत तेच, तुमच्याकडेही तेच. गोल शिक्का हवा, माणूस बाहेर बसला तरी चालतो.

माझं मागणं फार थोडं आहे. सोमाली वंशाच्या माणसाला, पासपोर्ट कुठलाही असो, जन्मस्थानाच्या ओळीवर आत घ्या. मोगादिशूशी भांडा, पण विमानात बसायच्या कागदाचं आधी काय ते ठरवा आणि ते लिहून ठेवा. लास गेलच्या कपारीवर पाणी वळवायला पन्हळ घाला. सोमाली संशोधक आहेत, सादा मिरे यांच्यासारख्या, त्यांना विचारा कसं करायचं ते. आणि परवाना देताना माणसं मोजा.

पत्रासोबत त्या परवान्याची प्रत जोडली आहे. माझ्या नावाखाली एक ओळ कोरी आहे. आबो आता ६४ वर्षांचे आहेत, उजवा गुडघा काम देत नाही. डॉक्टर म्हणतात, चढायचं असेल तर लवकर चढा. येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा तिकीट काढणार आहोत. त्या कोऱ्या ओळीवर त्यांचं नाव लिहून प्रत परत पाठवा. नाव बारा पिढ्यांसकट खाली दिलं आहे, ते या जाहीर पत्रात छापलेलं नाही, तुमच्या प्रतीत आहे.

आपली,
हर्गेसाच्या एका मुलाची पुण्यातली मुलगी