गाळ जाळायचा असेल, तर आधी तपासा : आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका

महोदय,

शहराचं सांडपाणी पंचगंगेकडे नेणारे जयंती नाला आणि दुधाळी नाला ही नावं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. कसबा बावड्यात रोज ७६ आणि दुधाळीत रोज १७ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं, हेही लोकांना ठाऊक आहे. पाणी स्वच्छ झाल्यावर खाली जो गाळ उरतो, त्याचं काय करता, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तो जाळून किंवा हवेशिवाय तापवून ऊर्जा मिळवण्याचे प्रस्ताव आज ना उद्या आपल्या टेबलावर येतील. त्याआधी हे पत्र.

सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, निघालेला गाळ हाताला घट्ट लागतो, पण त्यात साधारण ८० टक्के पाणीच असतं. एक टन गाळातलं ८०० किलो पाणी उडवायलाच जवळपास पाच लाख किलोकॅलरी लागतात. उरलेला २०० किलो कोरडा भाग कच्च्या गाळाचा असेल, तर किलोला चार हजारांच्या आसपास, म्हणजे आठ लाख किलोकॅलरी देतो. तोच गाळ आधी डायजेस्टरमध्ये, म्हणजे हवाबंद टाकीत, बायोगॅससाठी मुरवलेला असेल, तर किलोला अडीच-तीन हजारच. मिळाले पाच-सहा लाख. धुराड्यातून जाणारी उष्णता धरली की हिशेब तोट्यात. चुलवाणात ओली चिपाडं घातली की काय होतं, हे करवीर तालुक्यात कुणाला सांगायला नको.

मुरवलेल्या गाळातून उष्णता कमी मिळण्याचं कारण सरळ आहे. सहज पचणारा सेंद्रिय भाग जिवाणू आधीच खाऊन टाकतात. २०० ते ४०० अंश सेल्सिअसला भराभर विघटित होणारा माल त्यामुळे घटतो. चिवट भाग आणि राखेचं प्रमाण वाढतं. बायोगॅस जरूर घ्यावा. पण त्याच गाळातून गॅसही भरपूर आणि भट्टीला उष्णताही भरपूर, असं सांगणाऱ्याकडून आकडे लेखी घ्या.

खरी गोम चुन्यात आहे. वास आणि जंतू आटोक्यात ठेवायला गाळात चुना टाकतात, स्वस्त पडतो. असा गाळ तापवला की चुना ४०० अंशांच्या आसपास पाणी सोडतो, आणि त्याचं कार्बोनेट झालेलं असेल तर साधारण ६५० अंशांच्या पुढे कार्बन डायऑक्साइड. दोन्ही वेळा तो उष्णता खातो. प्रयोगशाळेत नमुना तापवत वजनातली घट मोजतात, तेव्हा हीसुद्धा आलेखात घट म्हणूनच दिसते. बघणारा कच्चा असेल, तर ती जळणारा माल म्हणून खपून जाते. चुना गंधकाचे वायू धरून ठेवतो, तेवढा फायदा मान्य.

गाळातलं पाणी सुटावं म्हणून फेरिक क्लोराइड हे रसायन वापरलं तर त्यातलं क्लोरीन भट्टीत शिसं, कॅडमियमसारखे धातू वायूबरोबर उडायला मदत करतं. कारखान्यांचं शिवाजी उद्यमनगर शहरातच आहे, म्हणून धातूंची तपासणी टाळू नये.

तेव्हा दोन्ही केंद्रांचा गाळ वेगवेगळा तपासा. प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा, पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातलाही. ओलावा, राख, उष्मांक, क्लोरीन, धातू आणि तापवताना होणारी घट, एवढं पुरे. शिवाजी विद्यापीठ गावातच आहे. मार्च ते मे या काळात गाळ उन्हात वाळवला तर किती इंधन वाचतं, तेही मोजून घ्या.

हे आकडे निविदेच्या अटींत नसतील, तर भट्टीच्या डिझेलचं बिल आमच्या घरफाळ्यातून जाईल. म्हणून अहवाल आधी संकेतस्थळावर टाका, निविदा नंतर काढा.

आपली,
घरफाळा भरणारी एक रसायनशास्त्राची शिक्षिका