मंत्रीमहोदय, कबूल केलेला व्यसनमुक्ती विभाग कुठे आहे?

मा. मंत्रीमहोदय,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

सा. न. वि. वि.

मी बेळगावच्या वडगाव भागात भाड्याच्या शेडमध्ये माग चालवतो. आपण आमच्याकडे आला होता तेव्हा सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्ती विभाग सुरू करू, तिथं मराठी बोलणारा समुपदेशक नेमू, असं व्यासपीठावरून जाहीर केलं होतं. परवा मुलाला घेऊन मी तिथं गेलो. दारावर पाटी लागली आहे, आत मोडक्या खाटा रचून ठेवल्या आहेत. "गांजाचं प्रकरण ना? पोलिसांत द्या," असं सांगून आम्हाला बाहेर काढलं.

पोलिसांत द्या! साहेब, पोरगं एकोणीस वर्षांचं आहे आणि आजारी आहे.

सोळाव्या वर्षी मित्रांनी त्याला गांजा सिगारेटीत भरून दिला. झाडपालाच आहे, महादेवाचा प्रसाद आहे, दारूपेक्षा बरा, असं गल्लीत मोठी माणसंसुद्धा म्हणतात. सुरुवातीला डोळे लाल दिसायचे, भूक वाढायची, सकाळी वाचलेलं संध्याकाळी आठवायचं नाही. मग रोजचंच झालं. गेल्या पावसाळ्यापासून पहाटे ओकाऱ्या सुरू झाल्या. हिनं पित्त समजून कोकमाचं पाणी दिलं, आलं-लिंबू दिलं. तो तासन्‌तास न्हाणीत कढत पाणी अंगावर घेत बसायचा, तेवढंच त्याला बरं वाटायचं. सिलिंडर महिना पुरेना. पोटाचे फोटो झाले, रक्त तपासून झालं, काही सापडलं नाही. शेवटी धारवाडला एका डॉक्टरांनी विचारलं, "गरम पाण्यानं आराम पडतो का?" बरीच वर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांना असा ओकाऱ्यांचा आजार होतो आणि गांजा सोडल्याशिवाय तो जात नाही, हे तेव्हा आम्हाला कळलं. तोपर्यंत हिच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

त्यानं सोडला. पहिला आठवडा त्याला झोप नाही, अन्न नाही, अंगाला दरदरून घाम, हात लावला तरी अंगावर यायचा. दोन आठवड्यांत ते ओसरलं, ओकाऱ्याही थांबल्या. पण त्याच्याआधीपासून जे सुरू होतं ते थांबलं नाही. शेडमधले माग बंद पडले की त्याला माणसांची कुजबुज ऐकू येते. शेजारी आपल्याला मारायला टपलेत असं तो म्हणतो. आईनं वाढलेलं ताट आधी मला खायला लावतो.

डॉक्टरांनी मला कागदावर मेंदू काढून दाखवला. गांजासारखं काम करणारं द्रव्य आपला मेंदू स्वतःच तयार करतो, अगदी थोडं, लागेल तेव्हा. भूक, झोप, भीती, आठवण यांचा तोल त्यावर राहतो. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूतल्या त्याच्याच जागांवर जाऊन बसतं आणि तेच काम करतं, पण बेसुमार आणि कितीतरी जास्त वेळ. ते चरबीत मुरतं, म्हणून रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवड्यांनीही सापडतं. छातीची धडधड वाढते. कपाळामागचा, सारासार विचार करणारा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि आमची पोरं नेमकी त्याच वयात ओढतात. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजारांवर तरुणांची पाहणी झाली होती, ती १९८७ साली छापून आली. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा मनाचा आजार, होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. प्रत्येकालाच होतो असं नाही. घराण्यात आजार असला, वय कोवळं असलं, माल तेज असला की धोका वाढतो. माझ्या चुलत्यांना तो आजार होता. हे आठवीच्या वर्गात कुणी येऊन सांगितलं का? शाळेत 'नशा करू नका' एवढं लिहिलेलं पोस्टर चिकटवतात आणि फोटो काढून निघून जातात.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा २०१९ चा अहवाल सांगतो की गांजा-भांगेमुळे मदतीची गरज असलेले लोक देशात ७२ लाखांच्या घरात आहेत. त्यांना कुठं पाठवणार? कोठडीत? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ कलम आहे. थोडका माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवू नये असं ते म्हणतं. पण उपचाराची जागाच कुलपात असेल तर त्या कलमाचा आम्हाला काय उपयोग? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजार धरलेले आहेत. रुग्णाला लांबचा प्रवास करायला लागू नये, हे त्यात तत्त्व म्हणून लिहिलंय. त्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळावी, हेही लिहिलंय. मी माग बंद ठेवून धारवाडला जातो. तिथं पोरानं मराठीत सांगायचं, मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये डॉक्टरांना सांगायचं. डोक्यात येणारे आवाज बापामार्फत कुणी सांगतं का? पोरगं अर्ध्यातच गप्प होतं.

१९५६ साली बेळगाव या राज्यात घातलं, तेव्हापासून आम्ही हेच सोसतोय. कागद कन्नडमध्ये, फलक कन्नडमध्ये, आता औषधही कन्नडमध्येच घ्यायचं. पलीकडचं महाराष्ट्र सरकार २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाभागाचा दावा लढतंय आणि निवडणुका आल्या की आमच्यासाठी गळा काढतं. तिकडे चंदगडला, गडहिंग्लजला गेलो तर आमचं रेशनकार्ड कर्नाटकचं. गांजाच्या पुड्या हद्द ओलांडून रोज इकडे-तिकडे होतात, त्यांना कुणी कार्ड विचारत नाही. दर हिवाळ्यात इथल्या विधानभवनात, सुवर्णसौधात, अधिवेशन भरतं. रस्ते झाडतात, झेंडे लावतात, सीमाप्रश्नावर दोन्हीकडून आरोळ्या उठतात. त्या दहा दिवसांत वडगावच्या गल्ल्यांतून एकदा संध्याकाळी चालत फिरा, साहेब. बंद पडलेल्या शेडांच्या मागं कोण बसलंय ते बघा. ती मराठी पोरं आहेत तशी कन्नडही आहेत, आणि त्यांच्या आयांची झोप सारखीच उडाली आहे.

मला नुकसानभरपाई नको. त्या विभागात मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या दिवशी यावा, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा समुपदेशक रोज असावा, औषधं तिथंच मिळावीत, आणि आलेल्या पोराला पोलिसांची भीती घालणाऱ्या कर्मचाऱ्याला लेखी समज द्यावी. विभाग कोणत्या तारखेला सुरू होणार ते मला कळवा. पुढच्या सोमवारी आमच्या गल्लीतली आणखी चार घरं आपापली पोरं घेऊन माझ्याबरोबर त्या दवाखान्यात येणार आहेत.

आपला,
वडगावचा एक मागवाला