व्हेपवर बंदी आहे हे बाजाराला कुणी सांगणार का?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात सारख्या असतात, पण ई-सिगारेट, म्हणजे पोरं ज्याला व्हेप म्हणतात, त्याबद्दल सांगलीत कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून लिहितोय. माझं विश्रामबागला मोबाईल अॅक्सेसरीजचं दुकान आहे, आजूबाजूला कॉलेज आणि क्लासेस, गिऱ्हाईक बहुतेक पोरंच.

कव्हर-चार्जर देणारा सप्लायर मध्यंतरी म्हणाला, शेठ हे पण ठेवा, मार्जिन चांगलंय. हातात घेऊन बघितलं तर हायलायटर पेनाएवढं, गुलाबी, खाली टाईप-सीचं भोक आणि वास आंब्याचा! घरात टेबलावर पडलं तर आईबापाला पेन ड्राईव्ह वाटेल. मी माघारी दिलं, म्हटलं बंदी आहे ना यावर, तर म्हणतो कुठं काय, सगळे ठेवतात.

आता बंदी केवढी आहे बघा. 2019 च्या सप्टेंबरात केंद्रानं वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला, बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, साठा सगळं बंद. विकताना पहिल्यांदा सापडला तर वर्षापर्यंत कैद नाहीतर 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. आमच्या लाईनमधल्या किती जणांना हे माहितीय? माझ्या दुकानात तरी आजपर्यंत ना कुणी पत्रक दिलं, ना कुणी तपासायला आलं.

काही जण म्हणतात विडी-सिगारेट चालते मग हेच का बंद, इंग्लंडसारखं परवानगी द्या आणि टॅक्स घ्या. ऐकायला बरं वाटतं. पण तिथंही 18 च्या खालच्यांना विकायला बंदी असून शाळेतल्या पोरांच्या हातात गेलंच की, शेवटी 1 जून 2025 पासून वापरून फेकायचे व्हेप बंद करायला लागले. आणि आपल्याकडं 2003 च्या कायद्यानं शाळा-कॉलेजपासून 100 यार्डात तंबाखू विकायची नाही, सुटी सिगारेट महाराष्ट्रात 2020 पासून बंद, तरी कुठल्याही टपरीवर एकेक मागा, मिळतीय. जिथं वय विचारायची पद्धतच नाही तिथं परवाना देणं म्हणजे खुशाल विका म्हणणं. ज्याला सिगारेट सोडायचीय त्याला मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगम मिळतं, त्यासाठी आंब्याचा वास कशाला पाहिजे?

तेव्हा बंदी राहू द्या, फक्त पोरांच्या मागं लागू नका. नुसतं ओढण्याला कायद्यात शिक्षा नाही आणि ते बरोबरच आहे, पोराला चौकीत बसवून काय मिळणार, दोनशे-पाचशेची चिरीमिरी. धरायचं तर माल कुठनं येतो ते धरा. बहुतेक सगळं चीनमधनं येतं, मग मोठ्या शहरातनं पार्सलनं इकडं. 2023 ला केंद्रानं 15 वेबसाईटना नोटिसा दिल्या, चांगलं केलं, पण आता ऑर्डर मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये असते आणि पैसे यूपीआयनं जातात, म्हणजे मनात आणलं तर माग काढणं काय अवघड आहे का? झडती घ्यायला पीएसआय दर्जाचा अधिकारी चालतो, त्यासाठी मुंबईची टीम लागत नाही.

आणि व्यापारी असोसिएशनची एक मीटिंग घेऊन, फोटो दाखवून कायदा सांगा, शिक्षकांनाही बोलवा. जाता जाता महापालिकेलाही एक विचारायचंय, या वस्तूत लिथियमची बॅटरी असते, पोरं ओढून झालं की कचऱ्यात टाकतात आणि ती तशीच घंटागाडीत जातीय, ती वेगळी कुठं टाकायची?

— एक दुकानदार, विश्रामबाग, सांगली