दातांवरचे सगळेच जंतू किडीचे नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पानावर नुकत्याच आलेल्या लेखात, दातांवर साठणाऱ्या चिकट थरातील स्ट्रेप्टोकॉकस म्हणजे दात किडवणारा जंतू, असे सरसकट म्हटले आहे. महाविद्यालयात बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यामुळे हे विधान मला खटकले. स्ट्रेप्टोकॉकस हे एका जंतूचे नाव नव्हे, ते आडनाव आहे. आणि त्या थरातील भावंडांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

लेखातील आरोप खरोखर लागू पडतो तो स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सला. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. साखरेपासून पाण्यात न विरघळणारे चिकट द्रव्य बनवून तो दाताला धरून राहतो व लॅक्टिक आम्ल सोडतो. सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली उतरून दाताचे कवच विरघळू लागले आणि इतर अनेक जंतू मंदावले, तरी याचे काम चालूच असते. शिवाय तो पेशीत थोडी शिदोरी बांधून ठेवतो, त्यामुळे आपले खाणे संपल्यावरही आम्ल तयार होत राहते.

याउलट स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस हा नव्या दातावर आधी वस्ती करणाऱ्यांपैकी एक असून, तो सोडत असलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे म्युटन्सच्या वाढीला आळा बसतो. म्हणून त्याला साधू समजू नये. त्याच्या नावातच रक्तासाठीचा लॅटिन शब्द आहे: हिरडीतून रक्तात शिरून तो हृदयाच्या सदोष झडपेवर ठाण मांडू शकतो आणि तो संसर्ग जिवावर बेततो. कृत्रिम झडप बसवलेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक देतात, ते अशाच जंतूंच्या भीतीने.

लेखातील ‘गोड कमी खा’ हा सल्लाही अपुरा आहे. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा आणि केव्हा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. सकाळी पोह्यांबरोबर खाल्लेल्या जिलबीचे आम्ल लाळ हळूहळू निवळवते. रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदुरातल्या रात्रीच्या खाऊबाजारात, मावाबाटीसारखे गोड खाऊन दात न घासता झोपणाऱ्याला ती सोय नाही, कारण झोपेत लाळ फारच कमी सुटते. (सराफ्यात जाणे मीही सोडलेले नाही; घरी आल्यावर ब्रश मात्र चुकवत नाही.)

पुढील लेखात या दोन्ही जंतूंची नावे वेगवेगळी द्यावीत, आणि झडपेच्या रुग्णांनी उपचारापूर्वी दंतवैद्यांना आपला आजार सांगावा, ही राहून गेलेली सूचनाही छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, इंदूर