ईडिपसचा अपराध कोणता?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जागतिक रंगभूमीविषयीच्या लेखमालेत ग्रीक शोकांतिकेवरील लेख वाचला. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या नाटकांसाठी मराठी वृत्तपत्राने एवढी जागा द्यावी, ही आजकाल दुर्मीळ गोष्ट आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानलेच पाहिजेत. मात्र शोकनायक थोर असतो, त्याच्या स्वभावात अहंकारासारखा एखादा दोष असतो आणि त्या दोषाची शिक्षा म्हणून त्याचा नाश होतो, हे लेखातील सूत्र सोफोक्लीज या नाटककाराच्या 'राजा ईडिपस'मधील ज्या नायकाच्या, ईडिपसच्या, आधारे मांडले आहे, नेमके त्यालाच ते लागू पडत नाही. परीक्षेच्या गाईडांतून हे सूत्र इतकी वर्षे फिरत आले आहे की, आता ते ॲरिस्टॉटलच्या नावावर बिनदिक्कत खपते.

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात लिहिले आहे ते वेगळे आहे. नायक अगदी सद्गुणांचा पुतळा नसावा आणि दुर्जनही नसावा, आणि त्याची दैना दुष्टपणापायी न होता हातून घडलेल्या एखाद्या मोठ्या प्रमादामुळे व्हावी, असे सांगून तो ईडिपसचे नाव घेतो. ईडिपसच्या बाबतीत हा प्रमाद म्हणजे समोरचा माणूस कोण हे ठाऊक नसताना केलेले कृत्य, एवढाच अर्थ सरळ लागतो. स्वभावदोषाची भर पुढच्या काळातल्या भाष्यकारांनी घातली. शिवाय ॲरिस्टॉटलचा जन्म इ. स. पू. 384 चा आणि सोफोक्लीज वारला 406 मध्ये, तेव्हा नाटककाराने हे नियम समोर ठेवून नायक घडवला असेल, हे संभवतच नाही.

आता नाटकच पाहू. मुलाच्या हातून मरण येईल, हे भाकीत थीब्ज नगराच्या लायस राजाला, म्हणजे ईडिपसच्या बापाला, त्याच्या जन्माआधीच मिळाले होते. जेमतेम तीन दिवसांच्या त्या मुलाचे पाय घोट्यांशी जखडून त्याला डोंगरावर टाकून देण्याची व्यवस्था झाली, तेव्हा त्याचा कोणता अहंकार आडवा आला होता? पुढे डेल्फीच्या वाटेवरील तिठ्यावर रथातल्या म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर पराणी हाणली आणि त्याने उलट वार केला. संतापाचा दोष येथे अवश्य आहे. पण मेला तो आपला बाप, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

मुख्य म्हणजे पितृहत्या आणि मातेशी विवाह या दोन्ही गोष्टी पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेल्या आहेत. प्रेक्षकांसमोर जे घडते तो आहे लायसच्या खुनाचा तपास, आणि तो ईडिपसने सुरू केला आहे साथीने मरणाऱ्या आपल्या नगरासाठी. या तपासाचे धागे कसे जुळतात ते पाहण्यासारखे आहे. कॉरिंथहून आलेला वृद्ध दूत पॉलिबस राजा वारल्याची बातमी देतो, आणि पॉलिबसलाच पिता समजणाऱ्या ईडिपसला हायसे वाटते. तरी तो आईशी लग्न करील, हे दुसरे भाकीत त्याला छळतच असते. ही भीती घालवावी म्हणून तो भला माणूस सांगून टाकतो की, तुम्ही पॉलिबसचे पुत्रच नाही, मीच तुम्हाला कित्थेरॉन डोंगरावर लायसच्या मेंढपाळाकडून घेतले होते. योकास्टाला, म्हणजे त्याच्या राणीला आणि खऱ्या आईला, सारे उमगते. 'आता पुढे विचारू नका' म्हणून ती काकुळतीला येते, पण तो थांबत नाही. शेवटी त्या मेंढपाळालाच उभे केले जाते आणि मूल मारले का नाहीस, याचे त्याचे उत्तर असते, दया आली म्हणून. एकाची दया, दुसऱ्याचा दिलासा आणि राजाची सत्याची चाड, एवढ्यांनी मिळून हा सर्वनाश घडवला आहे. 'करावे तसे भरावे' या हिशेबात तो बसवायचा तर नाटकातले हे सगळे गाळावे लागते.

आंधळा द्रष्टा टायरेसियस आणि योकास्टाचा भाऊ क्रेऑन यांच्याशी ईडिपस उर्मटपणे वागतो आणि त्याच नाटकात वृंद, म्हणजे रंगमंचावरचा गायकसमूह, उन्मत्तपणाविरुद्ध एक गीतही गातो, याकडे लेखकमहोदय बोट दाखवतील, आणि ते रास्तच आहे. परंतु तो अगदी नम्रपणे बोलला असता, तरी कॉरिंथचा दूत आलाच असता. आणि सोफोक्लीजचे स्वतःचे म्हणणेच हवे असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर इ. स. पू. 401 मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'कोलोनसमधील ईडिपस'मध्ये आंधळा, भटका ईडिपस ठणकावून सांगतो की, माझी कृत्ये मी केली त्याहून अधिक मी भोगली. (पहिला 'ईडिपस' ज्या नाट्यसंचात होता त्याला स्पर्धेत दुसराच क्रमांक मिळाला होता, हे आपल्याकडच्या नाराज स्पर्धकांना सांगायला हरकत नाही!)

इतर नाटकांतही एकच साचा शोधणे व्यर्थ आहे. युरिपिडीज या नाटककाराची नायिका मीडिया पोटची मुले मारून सूर्याच्या रथातून निघून जाते, तर 'ट्रॉयच्या स्त्रिया'मध्ये नगराचा पाडाव आधीच झालेला असल्याने नायकाचे पतन दाखवण्याचा प्रश्नच उरत नाही.

लेखात वर्णिलेला हटवादी सत्ताधीश ग्रीक नाटकांत नाहीच, असे मात्र मी म्हणणार नाही. 'अँटिगनी'मधला क्रेऑन तो आहे. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायकीज याचे प्रेत उघड्यावर ठेवण्याचा हुकूम त्याचा, पोटच्या मुलाचे, हीमनचे, ऐकून न घेणे त्याचे आणि आंधळ्या द्रष्ट्यावर लाचखाऊपणाचा आरोप करणेही त्याचेच. तो वठणीवर येतो तेव्हाही वृंदप्रमुख त्याला सांगतो की, हुकूम मोडला म्हणून कोंडलेल्या अँटिगनीला आधी गुहेतून सोडव आणि मग प्रेताचे पाहा. क्रेऑन आधी प्रेताचे अंत्यसंस्कार उरकतो आणि गुहेपाशी पोहोचतो, तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. लेखमालेच्या पुढच्या भागात लेखकमहोदयांनी आपले सूत्र या नाटकावर ताडून पाहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक