चाचणी त्या पाण्याचीच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतली अमुक वनस्पती उलटीवर गुणकारी, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. अशीच एक वनस्पती मी जवळून पाहिली आहे. नोकरीनिमित्त मी चार वर्षं नायजेरियातल्या लागोसला होतो. शेजारच्या आजी कडू पाला परातीत घेऊन दोन्ही तळव्यांनी खसाखसा चोळायच्या. तिथल्या योरुबा भाषेत त्याला ‘एवुरो’ म्हणतात, इग्बो भाषेत ‘ओनुग्बू’. रिठ्यासारखा हिरवा फेस यायचा. दोन-तीन पाणी काढून पाला रश्श्यात जायचा. घरात कुणाला मळमळत असलं, की पहिलं पाणी गाळून पेलाभर द्यायच्या.

प्रयोगशाळेत मात्र बहुतेक वेळा वाळवलेल्या पानांचा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात. उंदरांना उलटी होतच नाही, म्हणून कोंबडीची काही दिवसांची पिल्लं घेतात. आधी अर्क पाजायचा, मग मोरचूद, आणि दहा मिनिटांत पिल्लू किती वेळा ओकारी काढतं ते मोजायचं. पहिली चाळणी म्हणून हे ठीक आहे. पण मोरचुदाने पोट चाळवून येणारी ओकारी वेगळी, डोहाळ्यांची वेगळी आणि केमोथेरपीनंतरची तर आणखीच वेगळी. शिवाय आजी जे पाणी देत होत्या, ते यात तपासलंच जात नाही!

माझ्या बहिणीची केमो चालू असताना एका नातेवाइकाने असंच एक कात्रण आणून दिलं. डॉक्टरांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “किती द्यायचं? कशासोबत?” कात्रणात त्याचं उत्तर नव्हतं. ती बिचारी आशेने आमच्या तोंडाकडे बघत होती.

शेजारच्या आजींसारख्या बायकांच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. टांझानियातल्या महाले डोंगरात १९८७ साली संशोधक मायकेल हफमन आणि त्यांचे स्थानिक सहकारी मोहमेदी सेइफू कालुंदे यांनी एका आजारी चिंपांझी मादीला याच झाडाची कोवळी फांदी सोलताना पाहिलं. साल आणि पानं टाकून ती आतला कडू गर तेवढा चोखत होती. विषारी द्रव्यं पानांत जास्त असतात. म्हणजे कुठला भाग घ्यायचा, हे त्या जनावरालाही कळत होतं. मग माणसाला द्यायचं पाणी कितव्या धुण्याचं आणि किती, हे मोजायला नको? ते माणसांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ऑनडॅनसेट्रॉनसारख्या उलटीवरच्या रुळलेल्या औषधाशी ताडून पाहायला हवं.

आपल्याला एकच विनंती. अशी बातमी छापताना प्रयोग पिल्लांवर झाला की माणसांवर, झाडाचा कुठला भाग वापरला आणि किती मात्रेत, एवढं पहिल्या परिच्छेदातच द्यावं.

आपला,
एक वाचक, नाशिक