बाबा, सांगणं थांबवू नका

श्रीवर्धन

ती. आई आणि ती. बाबांस
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझं तू ठरव. आमचं आता जुनं झालं." रागावून म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण तुम्ही ते अगदी शांतपणे म्हणालात, आणि मला काही बोलताच आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

जुनं नेमकं काय झालं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत आपली सुपारीच्या पोफळींची वाडी आडवी झाली. त्यानंतर इथे जे काही पुन्हा उभं राहिलंय, ते तुमच्या सांगण्यावर उभं राहिलंय. आठवतं ना, सगळे रोपांच्या मागे धावत होते आणि तुम्ही म्हणालात, आधी जी उभी आहेत ती झाडं वाचवा. शेजारची पोफळ पडल्यामुळे उरलेल्या झाडांच्या खोडांवर मावळतीचं ऊन थेट पडायला लागलं होतं. दिवाळीनंतरचं ते तिरपं ऊन खोड भाजतं, मग साल तडकते आणि पुढच्या वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. तुम्ही खोडांना नारळाचे झाप आणि पोफळीच्या पानांच्या बुडाच्या रुंद विऱ्या बांधायला लावल्यात. वादळात वाचलेली झाडं उन्हानंही मरू शकतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ती झाडं आजही धरतायत.

आणि बियाणं! पुढच्या हिवाळ्यात त्याच जुन्या झाडांची पूर्ण पिकलेली, वजनदार फळं तुम्ही टबात टाकलीत. देठाकडची बाजू वर करून जी उभी तरंगली तेवढीच ठेवलीत, बाकीची बाजूला. इथल्या सुपारी संशोधन केंद्रात मी नंतर विचारलं, तिथेही हेच सांगितलं. रोपं निवडतानाही तुमचा हट्ट होता की उंच रोपाला भुलायचं नाही, बुटकं, बुंध्याशी जाड आणि निदान पाच पानांचं घ्यायचं. आधी केळ लावायची, तिची सावली नैऋत्येला धरायची, मग पोफळ. नऊ फुटांचं अंतर दोरी लावून मोजायचं, डोळ्यांच्या अंदाजानं नाही.

हे सगळं मी मुकाट्यानं केलं, कारण तेव्हा मी चाळिशीकडे आलो होतो. विशीत केलं असतं का, माहीत नाही. त्या वयात सल्ला कानावर पडला की मला वाटायचं, ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही. सल्ल्यात वाडीबद्दल काय आहे ते ऐकूच यायचं नाही, माझ्याबद्दल काय आहे तेवढंच ऐकू यायचं. आता मला वाटतं, तरुणपणचा ताठा बहुतेक असाच असतो. तो कामाच्या आवडीतूनच येतो, आणि म्हणून तो मोडून चालत नाही. तुम्ही कधी मोडला नाहीत. एकदा सांगायचात आणि पाटावर पाणी बघायला निघून जायचात. पुन्हा विचारायचा नाहीत, आणि तुमचं बरोबर निघालं तरी "मी म्हटलं होतं ना" हे शब्द मी तुमच्या तोंडून ऐकलेले नाहीत. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी ते वाक्य ऐकूनच बापाशी बोलणं कमी केलं.

आई, तुझं सांगणं वेगळ्या तऱ्हेचं. वाडीत काय लावायचं यात तू पडली नाहीस, पण पैशाचं तू एकटीनं ओळखलंस. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर केळीवर घर चालव, कर्ज काढून पाहुण्यांसाठी खोल्या बांधू नकोस, असं तू त्या पावसाळ्यात पडवीत बसून म्हणालीस. आज गावात ज्यांनी घाईनं खोल्या बांधल्या त्यांची हप्त्यांची काळजी मी बघतो. त्यांना नावं ठेवत नाही, त्यांचंही पोट होतं. पण रात्री मला झोप लागते ती तुझ्यामुळे.

तुमचं सगळंच मला पटतं असं मात्र नाही. बाबा, ठिबकाच्या बाबतीत मी अजून भांडणार. पाटानं शिंपायला पाणी फार लागतं, आणि समुद्र इतका जवळ असताना मे महिन्यात विहीर फार उपसली की पाणी मचूळ होतं. ठिबकानं एकाच जागी ओल राहते आणि खालचं जायफळ, मिरी कोरडी पडते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून पोफळीला ठिबक ठेवलंय आणि जायफळाकडचा जुना पाट बुजवलेला नाही. तुम्ही विरोध केला नसतात तर तो मी बुजवून टाकला असता. मला तुमचा होकार मिळावा म्हणून मी विचारत नाही, तुमच्याशी बोलल्याशिवाय माझा विचार पुरा होत नाही म्हणून विचारतो.

आता खरी गरज कुठे आहे ते सांगतो. दादाचा मोठा दापोलीहून कृषीची पदवी घेऊन इथे आलाय आणि मन लावून काम करतोय. पण वाक्य संपायच्या आत "मला माहितीये काका" म्हणतो. नऊ फुटांच्या मध्ये अजून एक ओळ बसवू, असं त्याचं चाललंय. मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणालो तर तो ऐकणं सोडेल. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण मात्र तो माझ्यापेक्षा नीट करतो: शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून. कोयत्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, ही तुमची परीक्षा मी त्याला दाखवली. तेव्हा तो गप्प राहून बघत होता. आजोबांनी शिकवलं म्हटल्यावर त्यानं अजून चार प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरं मला येत नव्हती.

म्हणून सांगणं थांबवू नका. ठाण्यात बसून वाडी दिसत नाही, कबूल. मी रोज फोटो पाठवेन, तो व्हिडिओ कॉल लावून देईल. आईचे गुडघे बरे असले तर फाल्गुनात दोघंही या, मी गाडी घेऊन येतो.

तोवर एक प्रश्न आहे, आणि तो मला लवकर सोडवायचाय. वादळात गेलेल्या जायफळांच्या जागी कलमं लावू की रोपं? रोपं स्वस्त पडतात, पण त्यात फळ न धरणारे नर किती निघतील ते फुलल्याशिवाय कळत नाही आणि तोवर पाच-सहा वर्षं जातात. दादाचा मोठा कलमं म्हणतोय. मलाही तेच वाटतंय, पण जुनी मोठी झाडं तुम्ही रोपांपासूनच केली होतीत आणि ती कशी धरायची ते मी बघितलंय. रविवारी संध्याकाळी फोन करतो. तो शेजारीच असेल, त्यालाच सांगा.

तुमचा,
धाकटा